रेडिएटरच्या वरची भिंत पुन्हा पुन्हा काळी पडते: डाग कुठून येतो आणि तो परत येऊ नये म्हणून काय करावं

रेडिएटरच्या, म्हणजे खोली तापवण्यासाठी भिंतीला लावलेल्या, बहुधा आतून गरम पाणी फिरणाऱ्या पॅनेलच्या वर भिंतीवर राखाडी-काळपट पट्टा उमटतो. खाली गडद, वर जाता जाता फिकट, कधी थेट छताला टेकलेला. लोक तो ओल्या फडक्याने पुसायला जातात आणि डाग पसरतो. मग नवा रंग देतात. पुढचा हिवाळा अर्धा सरत नाही तोच पट्टा त्याच जागी हजर. या चक्रात अडकलेल्यांसाठी हे लिहिते आहे. बहुतेक घरांत दोष रंगाचा नसतो, भिंतीचाही नसतो. घरातल्या हवेत काहीतरी तरंगत असतं आणि रेडिएटर ते सतत त्या एकाच जागी नेऊन टाकत असतो. ते काय आहे हे कळेपर्यंत रंगाचा डबा उघडू नका.

आधी डाग ओळखा

कोरड्या बोटाने डाग हलकेच पुसून पाहा. बोटाला काळी भुकटी लागली आणि भिंतीवर रेघ ओढली गेली, तर ती काजळी आणि बारीक धूळ आहे. रेडिएटरच्या वर बहुतेक वेळा हेच असतं, आणि पुढचा सगळा मजकूर त्याबद्दलच आहे. पण आणखी काही शक्यता आधी बाजूला काढायला हव्यात, कारण त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत.

बुरशीचे डाग ठिपक्याठिपक्यांचे असतात, कोपऱ्यात किंवा खिडकीच्या कडेला जास्त, आणि जवळ गेलं की कोंदट वास येतो. रेडिएटरच्या अगदी वरची जागा गरम आणि कोरडी असल्यामुळे तिथे बुरशी सहसा धरत नाही. तरी शंका असेल तर पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब डागाच्या कडेला लावा. बुरशीचा काळेपणा काही मिनिटांत उतरतो, काजळी जशीच्या तशी राहते. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये, विशेषतः अमोनिया किंवा आम्ल असलेल्यात, कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

डाग एका टोकाला, आत अडकलेली हवा (एअर) काढायच्या छोट्या स्क्रूजवळ असेल आणि शिंतोड्यांसारखा दिसत असेल, तर ते आतलं पाणी आहे. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं फिरणाऱ्या पाण्यात लोखंडाचा काळा ऑक्साइड साठतो. एअर काढताना फडकं धरलं नाही तर तो फवाऱ्यासारखा भिंतीवर उडतो. तांबूस ओघळ असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि भिंत काळी न पडता नुसती पिवळसर होत असेल, तर एक तर घरातला सिगारेटचा धूर आहे, किंवा तिथे लावलेला तेलरंग उष्णतेने पिवळा पडतो आहे.

काळं भिंतीवर चिकटतं कसं

नाव रेडिएटर असलं तरी हे यंत्र खोली तापवतं ते बरंचसं हवा फिरवून. दोन पॅनेलांच्या मध्ये पत्र्याच्या चुण्या असलेला नेहमीचा प्रकार घ्या. जमिनीलगतची थंड हवा खालून आत शिरते, चुण्यांमधून तापत वर जाते आणि वरच्या जाळीतून भिंतीला घासत बाहेर पडते. हीटिंग चालू असेल तोवर हा प्रवाह थांबत नाही. जमिनीवरची, गालिच्यातली, कपड्यांची सगळी बारीक धूळ त्यात ओढली जाते. मोठे कण चुण्यांमध्येच अडकतात, बारीक कण हवेबरोबर वर जातात.

पुढचा भाग मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८७० मध्ये जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने धुळीने भरलेल्या हवेत प्रकाशझोत टाकला, तेव्हा तापलेल्या वस्तूच्या वर त्याला एक काळोखा पट्टा दिसला. तिथे प्रकाश विखरायला धूळच नव्हती. १८८४ मध्ये जॉन एटकिन याने धूळ जाते कुठे ते दाखवलं: गरम पृष्ठभाग कणांना दूर लोटतो आणि ते थंड पृष्ठभागावर जाऊन बसतात. कणाच्या गरम बाजूला हवेचे रेणू जास्त जोराने आदळतात, थंड बाजूला कमी, म्हणून कण थंडाव्याकडे सरकतो. याला थर्मोफोरेसिस म्हणतात. एक मायक्रोमीटरपेक्षा बारीक कणांवर, म्हणजे नेमक्या काजळीच्या कणांवर, हा परिणाम ठळक दिसतो.

आता भिंत डोळ्यांसमोर आणा. रेडिएटर बहुधा खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीला लावलेला असतो. भिंत बाहेरून गार, म्हणून हवेच्या मानाने थंडच, आणि तिला चिकटून वर जाणारी हवा चांगलीच गरम. तापमानातला एवढा फरक खोलीत दुसरीकडे कुठेच नसतो, म्हणून डागही तिथेच. भिंत जितकी गार आणि रेडिएटर जितका कडक, तितका डाग लवकर आणि गडद.

काही घरांत पट्टा सलग नसतो, त्यात उभ्या रेघा किंवा गोल ठिपके दिसतात. घाबरू नका. भिंतीच्या आतली चौकट, खिळे, स्क्रू किंवा इन्सुलेशनमधल्या (उष्णता अडवणाऱ्या थरातल्या) फटी आजूबाजूपेक्षा गार असतात, आणि धूळ तिथे जास्त बसते. असा नमुना उपयोगाचा आहे. भिंतीतून उष्णता कुठून निसटते त्याचा नकाशाच मिळतो.

हवेत काळं कुठून आलं

साधी घरगुती धूळ राखाडी असते. पट्टा एका हंगामात भुरका झाला तर ती नेहमीची धूळ. काही आठवड्यांत कोळशासारखा काळा झाला, तर घरात कुठेतरी काहीतरी अर्धवट जळतं आहे.

पहिला संशय मेणबत्त्यांवर घ्या. वात लांब झाली किंवा ज्योत वाऱ्याने फडफडली की मेण नीट जळत नाही आणि काजळी सुटते. ती डोळ्यांना दिसतही नाही इतकी बारीक असते, पण घरभर फिरते. वात पाच-सहा मिलिमीटरवर कापून ठेवा, मेणबत्ती झोतात ठेवू नका. माझं स्पष्ट मत असं की डाग सतत परतत असेल तर एक पूर्ण महिना घरात मेणबत्ती, धूप, उदबत्ती काहीच लावू नये आणि फरक पाहावा. इतका स्वस्त आणि इतका बोलका प्रयोग दुसरा नाही. मेणबत्ती रेडिएटरवरच्या फळीवर लावण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. तिची काजळी थेट त्या प्रवाहात पडते.

त्यानंतर लाकडाची शेगडी किंवा फायरप्लेस, तळणाचा धूर, सिगारेट. शेगडीचं दार उघडताना दर वेळी खोलीत धूर येत असेल, तर धुराडं ओढत नाही, ते साफ करून घ्या.

इथे एक गोष्ट गंभीरपणे घ्या. गॅसवर चालणारं कोणतंही उपकरण असेल आणि त्याच्या आसपासही काळं दिसत असेल, ज्योत निळी असण्याऐवजी पिवळी आणि लवलवती असेल, किंवा घरात असताना डोकं दुखून बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर भिंतीचा विचार सोडून द्या. उपकरण बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि अधिकृत गॅस तंत्रज्ञाला बोलवा. त्रास जास्त असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. जिथे काजळी होते तिथे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही होऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. इंधन जाळणारं उपकरण ज्या घरात आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

काही जळत नसेल तर जमिनीकडे पाहा. रेडिएटरचे पाइप जिथे फरशीतून किंवा लाकडी तळातून वर येतात, तिथे बऱ्याचदा बोटभर फट राहिलेली असते. तळाखालची धूळ तिथून वर येते आणि पाइपापासून दोन वितींवर असलेल्या रेडिएटरच्या तोंडात जाते. भिंतीच्या कडेला गालिच्यावर काळी रेघ दिसत असेल तर हेच चाललं आहे असं समजा. तिथून हवा येते आणि गालिचा ती गाळतो. पाइपांभोवती कॉलर बसवा, बाकीच्या फटी लवचीक सीलंटने बुजवा.

एक वेगळा प्रकार नव्याने रंगवलेल्या किंवा नवीन विनाइल फरशी घातलेल्या घरांत दिसतो. कालपर्यंत स्वच्छ असलेल्या भिंती पहिल्याच हिवाळ्यात झपाट्याने काळ्या होतात, रेडिएटरच्या वर आणि इतरत्रही, आणि घरात धूर करणारं काही नसतं. जर्मनीच्या संघीय पर्यावरण संस्थेने या प्रकाराचा अभ्यास केला आहे. नव्या रंगातून, प्लॅस्टिकमधून, गालिच्यांच्या चिकटद्रव्यांतून हळूहळू उडणारी संयुगं गार भिंतीवर जमतात आणि त्या चिकट थरावर धूळ धरते. अशा वेळी काही महिने भरपूर वायुवीजन ठेवा. लगेच परत रंग दिलात तर त्याच संयुगांचा नवा साठा भिंतीवर चढतो.

सफाई: रेडिएटर आधी, भिंत नंतर

हा क्रम उलटा झाला तर काम वाया जातं. चुण्यांमध्ये वर्षाची धूळ तशीच ठेवून भिंत धुतली, तर हीटिंग सुरू होताच तीच धूळ ताज्या भिंतीवर येते.

रेडिएटर बंद करून पूर्ण गार होऊ द्या. वरची जाळी आणि बाजूच्या पट्ट्या बऱ्याच पॅनेल रेडिएटरमध्ये नुसत्या अडकवलेल्या असतात, हळू वर उचलून निघतात. खाली जमिनीवर ओलं जुनं फडकं पसरा, म्हणजे पडणारी धूळ उडणार नाही. लांब दांड्याचा रेडिएटर ब्रश चुण्यांमधून वरून खाली घाला, दुसऱ्या हाताने व्हॅक्यूम क्लीनरची नळी तोंडाशी धरा. ब्रश जात नसेल तिथे हेअर ड्रायर गार हवेवर ठेवून वरून झोत मारा. पाठीमागची बाजू विसरू नका. भिंत आणि रेडिएटर यांच्यातल्या फटीत लांब पट्टीला फडकं गुंडाळून फिरवा. रेडिएटर विजेवर चालणारा असेल तर प्लग काढून, फक्त कोरडी सफाई. पाण्याचा रेडिएटर भिंतीवरून उतरवायची गरज क्वचितच पडते, आणि व्हॉल्व्ह बंद करण्याची नीट माहिती नसेल तर ते काम प्लंबरवर सोडा. आतलं काळं पाणी गालिच्यावर सांडलं की डाग निघत नाही.

आता भिंत. इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे थेट ओलं फडकं. काजळी पाण्यात विरघळत नाही. पाणी तिला रंगाच्या छिद्रांत ढकलतं आणि वरवरची भुकटी कायमचा डाग होते. म्हणून आधी व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून, भिंतीला जेमतेम टेकवत, सुटी धूळ ओढून घ्या. मग काजळी पुसण्यासाठी मिळणारा कोरडा रबरी स्पंज वापरा. त्याला केमिकल स्पंज म्हणतात. आग लागलेल्या घरांची सफाई करणारे हाच वापरतात. तो भिजवायचा नाही. वरून खाली, एकाच दिशेने, लांब हात मारायचे, घासायचं नाही. एक बाजू काळी झाली की दुसरी घ्या, सगळ्या बाजू काळ्या झाल्या की वरचा थर कापून टाका. अर्धाअधिक डाग इथेच निघतो, आणि ते पाहून समाधान वाटतं.

भिंतीवर कागद असेल तर बहुधा इथेच थांबावं. कोळशाच्या शेगड्यांच्या काळात वॉलपेपरवरची काजळी मऊ लगद्याने टिपून घ्यायची पद्धत होती. मुलांचं प्ले-डो हे मुळात तेच उत्पादन. कोळसा मागे पडला आणि धुता येणारे वॉलपेपर आले, तसं भिंत पुसायच्या त्या लगद्याचं काम संपलं, आणि १९५६ मध्ये तो खेळणं म्हणून बाजारात आला. लगदा काय किंवा स्पंज काय, दोन्ही काजळी उचलून घेतात, पसरवत नाहीत.

रंगवलेल्या भिंतीवर कोरड्या सफाईनंतर काही उरलं असेल तर कोमट पाण्यात थोडा सौम्य डिटर्जंट किंवा भिंती धुण्याचं शुगर सोप घाला. दिसणार नाही अशा जागी आधी करून पाहा. फडकं घट्ट पिळून घ्या आणि धुताना खालून वर जा. हे विचित्र वाटतं, पण कारण पक्कं आहे. मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या मळक्या भिंतीवर उतरले तर त्यांच्या रेघा निघता निघत नाहीत; खालचा भाग आधीच ओला आणि स्वच्छ असेल तर ओघळ पुसून जातात. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढून टाका, नाहीतर उरलेल्या थरावर धूळ अधिक धरते. मॅट रंगावर जोर लावू नका, घासलेली जागा चकाकू लागते. मेलामाइनचा पांढरा ‘जादुई’ स्पंज हा खरं तर अतिशय बारीक सँडपेपर आहे. चकचकीत रंगावरच्या छोट्या डागाला ठीक, मॅट भिंतीला नको.

परत येऊ नये म्हणून

माझ्या मते सर्वांत जास्त फरक पडतो तो रेडिएटरमधल्या पाण्याचं तापमान उतरवल्याने. ते पाणी तापवणारा बॉयलर ७५-८० अंशांवर ठेवून तासभर भणभणून चालवायचा आणि बंद करायचा, यात हवेचा झोत जोरात उठतो आणि भिंत गारच राहते. तेच पाणी ५० ते ५५ अंशांवर ठेवून जास्त वेळ चालवलं, तर झोत मंद होतो, हवा आणि भिंत यांच्या तापमानातला फरक घटतो आणि कण कमी चिकटतात. कंडेन्सिंग बॉयलर असेल तर इंधनही वाचतं, कारण परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच तो धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवू शकतो. एक खबरदारी: हे फक्त रेडिएटरच्या पाण्याबद्दल आहे. नळाचं गरम पाणी टाकीत साठवत असाल तर तिथलं तापमान ६० अंशांच्या खाली आणू नका, लीजिओनेला जिवाणूंचा धोका असतो. कडाक्याच्या थंडीत खोली पुरेशी तापली नाही तर थोडं वर चढवा.

रेडिएटरच्या वर फळी बसवणं हा जुना उपाय, आणि तो चालतो, पण नीट बसवली तरच. फळी रेडिएटरपेक्षा दोन्ही बाजूंना थोडी लांब हवी आणि पुढेही आलेली हवी, म्हणजे हवा खोलीत वळते. रेडिएटरच्या माथ्यापासून निदान पाच सेंटिमीटर, शक्यतो अधिक, अंतर ठेवा. मुख्य म्हणजे फळी आणि भिंत यांच्यामध्ये फट ठेवू नका. तिथे केसाएवढीही फट राहिली तर सगळी हवा तिच्यातून वर घुसते आणि पूर्वीच्या फिकट पट्ट्याऐवजी एक बारीक, जास्त काळी रेघ उमटते. मागच्या कडेला फोमची पट्टी किंवा सीलंट भरा. थर्मोस्टॅटचं (खोलीच्या तापमानानुसार रेडिएटर चालू-बंद करणारं) डोकं फळीखाली कोंडलं जात असेल तर ते गरम हवेला फसून लवकर बंद होतं आणि खोली गार राहते. तेव्हा ते मोकळं ठेवा. जाड पडदे रेडिएटरवर आले की हाच घोटाळा होतो.

रेडिएटरमागे चकचकीत परावर्तक पत्रा लावल्याने बाहेर जाणारी उष्णता कमी होते, तो जरूर लावा, पण वरचा डाग त्याने थांबेल असं मात्र समजू नका. भिंतीलाच इन्सुलेशन करता आलं तर गोष्ट वेगळी. भिंतीचा आतला पृष्ठभाग ऊबदार झाला की कणांना तिकडे ओढणारं कारणच कमी होतं. उभ्या रेघा दिसणाऱ्या घरांत मी हाच उपाय आधी विचारात घेईन.

बाकी नेहमीच्या गोष्टी थोडक्यात. व्हॅक्यूम क्लीनरला हेपा (अतिशय बारीक कण अडवणारा) फिल्टर असावा, नाहीतर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा हवेत येते. झाडलोट रेडिएटर गार असताना करा. चुण्यांची सफाई हीटिंगचा हंगाम सुरू होण्याआधी एकदा आणि मधे एकदा. ओले कपडे रेडिएटरवर वाळवू नका. त्यांचे तंतू त्या प्रवाहात सुटतात आणि खोलीतली ओल वाढते.

रंग कधी आणि कसा

भिंत स्वच्छ झाली की वर्तमानपत्राएवढा पांढरा कागद रेडिएटरच्या वर, जिथे डाग सर्वांत गडद होता तिथे, चारही बाजूंनी सपाट चिकटवा. शेजारच्या आतल्या भिंतीवर तसाच दुसरा. हीटिंग नेहमीसारखं चालू ठेवून तीन-चार आठवड्यांनी दोन्ही कागद काढा आणि शेजारी ठेवून पाहा. वरचा कागद स्पष्ट काळवंडला असेल तर कारण अजून घरातच आहे. मागे जाऊन मेणबत्त्या, फटी, तापमान पुन्हा तपासा. फरक जेमतेम असेल तरच रंग द्या.

उरलेल्या डागावर पाण्याचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग, थेट मारू नका. काजळी आणि धुरातले तेलकट अंश त्यातून आरपार वर येतात, दोन हात मारा किंवा चार. आधी डाग अडवणारा प्रायमर हवा, शेलॅकचा (लाखेचा) किंवा तेलाचा. त्याचा वास उग्र असतो आणि वाफा पेट घेणाऱ्या असतात, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको, रेडिएटर बंद आणि गार असू द्या. घर जुनं असेल आणि रंगात शिसं असण्याची शक्यता असेल तर कोरडं घासकाम टाळा, आधी तपासून घ्या. प्रायमर डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत पूर्ण वाळू द्या, मग इमल्शनचे दोन हात. त्या भिंतीपुरता तरी मॅटऐवजी धुता येणारा, हलकी चकाकी असलेला रंग निवडा. पुढच्या वेळी थोडी धूळ बसलीच तर कोरडा स्पंज एकदा फिरवून काम भागेल. रंग झाल्यावर हीटिंग लगेच पूर्ण कडक करू नका. डब्यावर दिलेल्या दिवसांत रंग मुरू द्या आणि तोवर खोलीत हवा खेळती ठेवा.